जॅकी पंगची सही : यूएस विमेन्स ओपन, १९५७

शुक्रतारा :

बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय, म्हणून शेवटी धागा काढतेच आहे.

जून १९५७. न्यूयॉर्कजवळच्या मॅमरॉनेक गावातला विंग्ड फूट क्लब. यूएस विमेन्स ओपन या गोल्फ स्पर्धेचा शेवटचा दिवस. त्या काळी शेवटच्या दिवशी छत्तीस होल खेळायचे, सकाळी एक फेरी आणि दुपारी दुसरी. होनोलुलूहून आलेली जॅकी पंग दुपारच्या फेरीत ७२ फटक्यांत परतली आणि चार फेऱ्यांची तिची बेरीज झाली २९८. बेट्सी रॉल्सची बेरीज २९९. गोल्फमध्ये कमी फटके घेणारी जिंकते, म्हणजे पंग एका फटक्यानं जिंकली होती. चार वर्षांपूर्वी, १९५३ मध्ये, याच स्पर्धेत दोघींची बरोबरी झाली होती आणि अठरा होलच्या प्लेऑफमध्ये रॉल्सनं तिला ७१ विरुद्ध ७७ असं हरवलं होतं. त्यामुळे या विजयाला तिच्या लेखी किती मोल असेल, याची कल्पना करता येते.

मग स्कोअरकार्ड तपासलं गेलं. चौथ्या होलवर पंगनं सहा फटके घेतले होते, कार्डावर पाच लिहिले होते. खाली फेरीची बेरीज मात्र ७२ च लिहिलेली. ती अगदी बरोबर होती. म्हणजे तिनं एकही फटका लपवला नव्हता, कुणाचाही फायदा घेतला नव्हता. पण त्या कार्डावर तिची सही होती. पंग स्पर्धेतून बाद झाली आणि अजिंक्यपद रॉल्सला मिळालं.

गोल्फमध्ये आपलं कार्ड आपण लिहीत नाही. सोबत खेळणारी आपली मार्कर असते, ती आपले फटके लिहिते आणि आपण तिचे. पंगची मार्कर होती बेटी जेमसन. १९४७ मध्ये ही स्पर्धा २९५ फटक्यांत जिंकून ७२ होलच्या स्पर्धेत तीनशेच्या आत येणारी पहिली स्त्री ठरली ती हीच जेमसन, म्हणजे नवखी खेळाडू नव्हे. आणि त्याच चौथ्या होलवर जेमसननंही सहा फटके घेतले होते, आणि पंगनंही तिच्या कार्डावर पाचच लिहिले होते! एकाच होलवर दोघींकडून एकमेकींच्या कार्डावर एकच चूक. जेमसनही बाद झाली.

विंग्ड फूटच्या सभासदांनी आणि तिथे जमलेल्या लोकांनी पंगसाठी जागच्या जागी वर्गणी काढली. पहिलं बक्षीस १,८०० डॉलरचं होतं, वर्गणी त्याहून जास्त जमली. ते पैसे तिला मिळाले. पण करंडकावर तिचं नाव नाही. पुढेही ती ही स्पर्धा कधी जिंकली नाही.

ही हकिकत पहिल्यांदा वाचली तेव्हा मी दिवसभर अस्वस्थ होते. मला आजही वाटतं की तिच्यावर अन्याय झाला. तुम्हाला काय वाटतं?

रानवारा :

बाप रे. वर्गणीचं वाचून गलबलून आलं. चूक झाली हे सगळ्यांना मान्य, आणि ती जिंकली होती हेही सगळ्यांना मान्य. लोकांनी खिशात हात घातले ते त्यामुळेच ना?

हिशेबनीस :

शुक्रतारा, धागा उत्तम आहे. मात्र मी विरुद्ध बाजूनं बोलणार आहे.

आधी नियम काय आहे ते बघू. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजून निकाल लावायच्या प्रकारात) खेळाडूची जबाबदारी प्रत्येक होलच्या आकड्याची असते, बेरजेची नाही. बेरीज करणं हे स्पर्धा समितीचं काम. आजच्या नियमावलीतही हेच आहे. त्यामुळे कार्डाखाली ७२ लिहिलं होतं की आणखी काही, याला नियमाच्या दृष्टीनं काडीचीही किंमत नाही. समितीपुढे काय आलं? अठरा आकडे आणि दोन सह्या. त्या आकड्यांची बेरीज होती ७१. पंगनं सही करून सांगितलं की माझी फेरी ७१ ची. ती होती ७२ ची.

आता नियमाचा दुसरा अर्धा भाग. एखाद्या होलवर प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा लिहून सही केली तर खेळाडू बाद. जास्त लिहून सही केली तर तो जास्तीचा आकडाच कायम. हे एकतर्फी वाटतं, पण त्यामागे तर्क आहे. जास्त लिहिल्यानं नुकसान फक्त स्वतःचं होतं. कमी लिहिल्यानं मैदानावरच्या बाकी प्रत्येकीचं होतं.

आणि हा नियम इतका कडक का? टेनिसमध्ये प्रतिस्पर्धी समोर उभा असतो, क्रिकेटमध्ये अकरा जण आणि पंच बघत असतात. गोल्फमध्ये दीडशे खेळाडू एकाच वेळी शेकडो एकरांवर पसरलेले असतात. तिसऱ्या होलवरच्या खेळाडूला चौदाव्या होलवर काय चाललंय हे कधीच कळणार नाही. तिच्याकडे विश्वास ठेवायला फक्त ते कार्ड आणि त्यावरच्या सह्या असतात. सही सैल झाली की स्पर्धाच सैल झाली.

पंगबद्दल मलाही वाईट वाटतं. पण २९९ फटके खेळून आणि कार्ड नीट तपासून सही करणाऱ्या रॉल्सला आपण काय सांगणार होतो?

अबोली_ :

हिशेबनीस, तर्क समजला, पण पटला नाही.

सही कशासाठी असते? खरं काय घडलं याची ग्वाही म्हणून. इथे खरं काय घडलं हे दोन्ही खेळाडूंना, प्रेक्षकांना आणि अधिकाऱ्यांना माहीत होतं. त्याच कागदावर खरी बेरीज तिच्या डोळ्यांसमोर लिहिलेली होती. फसवायचं असतं तर ७१ लिहिलं नसतं का? कागदच ओरडून सांगत होता की ही चूक आहे, लबाडी नव्हे.

शिक्षा तर हवीच. दोन फटक्यांची द्या. ३०० होऊन ती दुसरी आली असती. तेही पुरेसं कडू झालं असतं. पण चार फेऱ्या, बहात्तर होल, एवढी पायपीट, हे सगळं घडलंच नाही असं म्हणायचं?

याच नियमाचा दुसरा चटका १९६८ च्या मास्टर्समध्ये, पुरुषांच्या एका मोठ्या स्पर्धेत, रॉबर्टो दे व्हिसेन्झोला बसला. सतराव्या होलवर त्यानं तीन फटके घेतले, मार्करनं चार लिहिले, त्यानं सही केली. ६५ ची फेरी ६६ ची झाली आणि बॉब गोल्बीबरोबरचा प्लेऑफ हातचा गेला. लाखो लोकांनी तो तीनचा आकडा टीव्हीवर पाहिला होता. तरी कागद म्हणतो चार, म्हणून चार!

हिशेबनीस :

दे व्हिसेन्झोला तो दुसरा आला असंच धरलं गेलं, बाद केलं नाही, हा फरक लक्षात घ्या. जास्तीचा आकडा असल्यामुळे. पण तुमच्या दोन फटक्यांच्या सूचनेवर मी विचार करतोय. ती वेडगळ नाही. पुढे काही प्रकरणांत नियमकर्त्यांनीही तसंच केलं, त्याबद्दल कुणीतरी लिहीलच.

मारवा :

मी गोल्फ खेळते, अगदी साध्या पातळीवर, आणि क्लबच्या स्पर्धांत अनेकदा मार्कर झालेय. त्यामुळे ही चूक होते कशी याबद्दल थोडं सांगते.

होल संपतो तेव्हा कुणीच लिहीत नाही. ग्रीनवरून (होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवरून) बाजूला व्हायचं, मागच्या गटाला वाट द्यायची, पुढच्या टीकडे (पहिला फटका मारायच्या जागेकडे) चालायचं. लिहितो ते चालताना किंवा पुढच्या टीवर उभं राहून. तोवर डोक्यात पुढचा फटका सुरू झालेला असतो. त्यात आपला होल बिघडलेला असेल तर आणखी घोळ, कारण मन मागच्या चुकलेल्या पटवर (ग्रीनवरच्या हलक्या फटक्यावर) अडकलेलं असतं. दोघींचाही होल बिघडला आणि दोघींनी एकमेकींचा आकडा एकनं कमी लिहिला, हे वाचून मला जराही नवल वाटलं नाही. दोघीही स्वतःच्या सहामध्ये गुंतल्या असणार.

एकदा माझ्या हातून असंच झालं. सोबतच्या बाईंचे सात होते, मी सहा लिहिले. सही करायच्या आधी त्यांनी प्रत्येक होल मोठ्यानं वाचला आणि तिथे थांबल्या. "हे सात आहेत," म्हणाल्या, एवढंच. त्या दिवसापासून मीही कार्ड मोठ्यानं वाचते. पण ती फेरी होती अठरा होलची, आणि तिच्यावर काहीच अवलंबून नव्हतं. छत्तीस होल चालून आलेल्या, नुकतंच अजिंक्यपद मिळालंय असं समजणाऱ्या बाईला, आजूबाजूला लोक अभिनंदनाला धावत असताना, तो चौथा होल आठवायचा होता. तासन् तास आधीचा होल!

आज मोठ्या स्पर्धांमध्ये खेळाडूंना स्कोअर देण्यासाठी वेगळी, शांत जागा असते, अधिकारी समोर बसून आकडे वाचून दाखवतात, शिवाय गटाबरोबर चालणारे स्वयंसेवक स्वतंत्र नोंद ठेवतात. हे सगळं बघितलं की वाटतं, नियम तोच राहिला पण माणसाला तो पाळता यावा म्हणून आजूबाजूची व्यवस्था सुधारली. पंगच्या वाट्याला ती आली नाही. तरीही चुका होतात. २०२४ च्या फेब्रुवारीत जॉर्डन स्पीथसारखा खेळाडू चौथ्याच होलवर चारच्या जागी तीन असलेल्या कार्डावर सही करून जेनेसिस इन्व्हिटेशनलमधून बाद झाला.

खडीसाखर :

मला गोल्फमधलं फारसं कळत नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक खेळत होती तेव्हा पहाटे उठून शेवटची फेरी पाहिली आणि तिथून गोडी लागली. रौप्यपदकाच्या प्लेऑफला ती एका फटक्यानं मुकली, चौथी आली. त्यामुळे "एक फटका" म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

प्रश्न असा : या स्पर्धेला "ओपन" का म्हणतात? आणि महिलांच्या पाच मेजर, म्हणजे सगळ्यात मोठ्या, स्पर्धांमध्ये हिला एवढा मान का?

शुक्रतारा :

खडीसाखर, छान प्रश्न. यावर मी खूप बोलू शकते, आवरतं घेते.

ओपन म्हणजे खुली. व्यावसायिक खेळाडू तर येऊ शकतातच, पण ठरलेल्या मर्यादेच्या आत हँडिकॅप (खेळाची पातळी दाखवणारा आकडा) असलेली कुठलीही हौशी खेळाडूसुद्धा पात्रता फेरीत उतरू शकते. ही पात्रता फेरी एका दिवसात छत्तीस होलची असते आणि अमेरिकेत तसंच इतर देशांतही अनेक ठिकाणी घेतली जाते. वयाची अट नाही. २०१४ मध्ये ल्यूसी ली अकराव्या वर्षी पात्र ठरली आणि पाइनहर्स्टच्या दुसऱ्या क्रमांकाच्या कोर्सवर ७८ आणि ७८ अशा दोन फेऱ्या खेळली. तिसऱ्या फेरीत ती पोचली नाही, पण त्या कोर्सवर भल्याभल्यांचे ७८ होतात.

आणि हौशी खेळाडू नुसती हजेरी लावून जात नाहीत. १९६७ मध्ये फ्रान्सची कॅथरीन लाकोस्त हौशी असूनही जिंकली. टेनिसपटू रेने लाकोस्तची मुलगी. आईसुद्धा ब्रिटिश हौशी विजेती गोल्फपटू. बक्षिसाची रक्कम तिला घेता आली नाही, अर्थातच. आजवर ही स्पर्धा जिंकणारी ती एकमेव हौशी. २००५ मध्ये मात्र दोन मुली फार जवळ आल्या होत्या. चेरी हिल्सवर सतरा वर्षांची मॉर्गन प्रेसेल शेवटच्या होलच्या फेअरवेवर (टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या गवतावर) उभी होती, बर्डी किमशी बरोबरीत. तिच्या डोळ्यांदेखत किमनं बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) मारलेला चेंडू सरळ होलमध्ये गेला. प्रेसेल आणि ब्रिटनी लँग या दोन्ही हौशी मुली संयुक्त दुसऱ्या आल्या. लँगचं नाव लक्षात ठेवा, पुढे कुणीतरी तिच्याबद्दल लिहिणार याची मला खात्री आहे.

मानाचं म्हणाल तर वय. ही स्पर्धा १९४६ पासून आहे. आज महिला गोल्फची मुख्य संस्था असलेली एलपीजीए स्थापन झाली १९५० मध्ये, म्हणजे स्पर्धा संस्थेपेक्षाही जुनी! पहिल्या वर्षी स्पोकेनला पॅटी बर्ग जिंकली तेव्हा बक्षीस युद्धरोख्यांच्या रूपात दिलं होतं. सुरुवातीची वर्षं खेळाडूंच्या स्वतःच्या संघटनांनीच ती चालवली. १९५३ पासून ती यूएसजीएकडे, म्हणजे अमेरिकेच्या गोल्फ संघटनेकडे आली. २०२५ मध्ये एरिन हिल्सवर स्वीडनची माया स्टार्क जिंकली तेव्हा तिला २४ लाख डॉलर मिळाले. पंगच्या वेळचे १,८०० आठवा.

खडीसाखर :

धन्यवाद! युद्धरोखे! हे तर कल्पनेतही नव्हतं.

दूरदेशी :

लँगबद्दल मीच लिहितो. कारण २०१६ चा प्लेऑफ या धाग्याच्या विषयात अगदी चपखल बसतो, आणि हिशेबनीसांनी वर ज्या बदलांचा उल्लेख केला ते त्याच सुमाराचे आहेत.

कॅलिफोर्नियातल्या कॉर्डेव्हालवर ब्रिटनी लँग आणि ॲना नॉर्डक्विस्ट बरोबरीत होत्या. तीन होलचा प्लेऑफ, तिन्ही होलची मिळून बेरीज. दुसऱ्या होलवर नॉर्डक्विस्टचा चेंडू फेअरवेवरच्या बंकरमध्ये. बंकरमधून मारताना फटक्यासाठी मागे नेलेली क्लब (गोल्फची काठी) वाळूला लागता कामा नये. तिनं सुरेख फटका मारला, चेंडू ग्रीनवर. कुणाला काही जाणवलं नाही, तिला स्वतःलाही नाही. नंतर टीव्हीवरच्या मोठ्या करून दाखवलेल्या चित्रात दिसलं की क्लब मागे जाताना वाळूचे मोजके कण हलले. दोन फटक्यांचा दंड.

दंड बरोबर की चूक हा वेगळा वाद. मला डाचतं ते सांगण्याची वेळ. दोघी शेवटच्या होलवर पोचल्या होत्या. नॉर्डक्विस्टला दंड कळला तो तिनं तिसरा फटका मारल्यावर. लँगला कळला तो तिचा तिसरा फटका मारायच्या आधी. म्हणजे एकीनं बरोबरी आहे असं समजून धोका पत्करला आणि दुसरीनं आपण पुढे आहोत हे माहीत असताना सावध फटका निवडला. लँगचा यात काहीही दोष नाही. ती अप्रतिम खेळली आणि अकरा वर्षांपूर्वी हौशी म्हणून निसटलेली स्पर्धा तिनं जिंकली. पण दोघींना एकाच वेळी सांगायला हवं होतं, हे कुणीही मान्य करेल.

पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, दुसऱ्या एका मेजरमध्ये, एएनए इन्स्पिरेशनमध्ये लेक्सी थॉम्प्सनचं प्रकरण झालं. शनिवारी तिनं छोट्याशा पटच्या आधी चेंडू उचलून परत ठेवताना किंचित दुसऱ्या जागी ठेवला. एका टीव्ही प्रेक्षकानं ईमेल पाठवला. रविवारी, ती आघाडीवर असताना, मध्येच सांगितलं गेलं : चुकीच्या जागेवरून खेळल्याचे दोन आणि चुकीच्या कार्डावर सही केल्याचे दोन, एकूण चार फटके. शनिवारी सही करताना तिला दंड लागू होतो हे ठाऊकच नव्हतं! डोळे पुसत ती खेळली, बरोबरी साधली आणि प्लेऑफमध्ये रयू सो-यॉनकडून हरली.

अबोली_ताई, तुमची दोन फटक्यांची सूचना इथे दिसते. आधीच्या नियमानं थॉम्प्सन सरळ बाद झाली असती. २०१६ पासून, ज्या दंडाची खेळाडूला कल्पनाच नव्हती त्यामुळे कार्ड चुकलं तर बाद न करता दोन फटके, असं आलं. तिच्या प्रकरणानंतर २०१८ पासून तेही दोन गेले. घरबसल्या प्रेक्षकांच्या तक्रारी घेणं बंद झालं. आणि नुसत्या डोळ्यांना जे दिसणं शक्य नव्हतं ते केवळ व्हिडिओच्या आधारे धरायचं नाही, असंही ठरलं. नॉर्डक्विस्टचे वाळूचे कण आज कुणी मोजले नसते असं मला वाटतं.

हिशेबनीस :

दूरदेशी, नेमकं लिहिलंत. फक्त एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. या सगळ्या सवलती "दंड झाल्याचं माहीत नव्हतं" यासाठी आहेत. "सहाचे पाच लिहिले" यासाठी आजही सवलत नाही. पंग आज खेळली असती आणि तसं कार्ड देऊन गेली असती तर आजही बादच झाली असती. माझ्या मते हीच रेघ योग्य आहे. नियम माहीत नसणं किंवा डोळ्यांना न दिसणं ही एक गोष्ट, आणि आपण किती फटके मारले हे न तपासणं ही दुसरी.

अबोली_ :

आणि माझ्या मते तीच रेघ उलटी आहे. पंगनं कुठलाच नियम मोडला नव्हता. चेंडू हलवला नाही, वाळूला हात लावला नाही. खेळात तिचं काहीच चुकलं नाही, चुकलं ते लेखणीत. ज्यांच्या खेळात चूक झाली त्यांना दया, आणि जिच्या खेळात चूक नाही तिला नाही?

हिशेबनीस :

याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. विचार करून लिहितो.

रानवारा :

वाद थोडा वेळ बाजूला ठेवून १९९८ बद्दल लिहू का? कारण या स्पर्धेचं नाव काढलं की माझ्या डोळ्यांपुढे तेच येतं.

विस्कॉन्सिनमधलं ब्लॅकवुल्फ रन. कोरियाची वीस वर्षांची पाक से-री आणि अमेरिकेची, तीही विशीतलीच, ड्यूक विद्यापीठात शिकणारी हौशी जेनी चुआसिरिपोर्न. रविवारी शेवटच्या होलवर जेनीनं साधारण चाळीस फुटांवरून पट टाकला, तोंडावर हात गेला तिचा! बरोबरी. सोमवारी अठरा होलचा प्लेऑफ. अठराव्या टीवरून पाकचा चेंडू डावीकडे पाण्याच्या काठावरच्या उतारावर गेला. दंड घेऊन दुसरीकडून खेळणं शहाणपणाचं होतं. तिनं बराच वेळ विचार केला, बूट काढले, मोजे काढले आणि पाण्यात उतरून चेंडू बाहेर काढला. पाय घोट्यापर्यंत उन्हानं रापलेले आणि खाली पांढरे. सरावाचे किती तास असतील त्या रंगात!

जेनीला जिंकण्यासाठी पट होता, तो चुकला. पुन्हा बरोबरी, दोघींच्या ७३. मग सडन डेथ (जी आधी होल जिंकेल ती विजेती), आणि दुसऱ्या होलवर पाकची बर्डी (होलच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी). एकूण ९१ होल. ही स्पर्धा इतकी लांबलेली मी दुसरी ऐकलेली नाही.

तेव्हा कोरिया आर्थिक संकटात होरपळत होता. ते अनवाणी पाय तिथे घराघरांत पोचले. ते पाहून गोल्फकडे वळलेल्या मुलींच्या पिढीला पुढे "से-रीची मुलं" म्हणू लागले. त्यांतलीच पाक इन-बी दहा वर्षांनी, २००८ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी हीच स्पर्धा जिंकली. आणि २०१२ मध्ये स्पर्धा परत ब्लॅकवुल्फ रनवर आली तेव्हा जिंकली चोई ना-यॉन, आणि तिला शॅम्पेननं न्हाऊ घालायला खुद्द पाक से-री ग्रीनवर हजर.

जेनी चुआसिरिपोर्नचं पुढे व्यावसायिक गोल्फमध्ये जमलं नाही. ती खेळ सोडून परिचारिका झाली. मला तिची आठवण पाकइतकीच येते.

दूरदेशी :

रापलेल्या पायांचं वाक्य वाचून परत तो व्हिडिओ पाहिला. काय बाई आहे ती!

मारवा :

बेट्सी रॉल्सबद्दल कुणीच लिहिलं नाही, आणि ते तिच्यावर अन्यायाचं होईल. या गोष्टीत ती केवळ "आयतं मिळालेली" बाई म्हणून उरते.

रॉल्सनं टेक्सास विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदवी घेतली होती. यूएस विमेन्स ओपन तिनं चार वेळा जिंकली : १९५१, १९५३, १९५७, १९६०. हा विक्रम तिच्या आणि मिकी राइटच्या नावावर आहे. आणि मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते पुढचं. खेळणं थांबवल्यावर ती स्पर्धांच्या आयोजनात आणि नियमांच्या कामात शिरली, एलपीजीएची स्पर्धा संचालक झाली. १९८० मध्ये पुरुषांच्या यूएस ओपनमध्ये नियम अधिकारी म्हणून काम करणारी ती पहिली स्त्री.

दुसरीच्या कार्डातल्या एका आकड्यामुळे जिला करंडक मिळाला, तिनं उरलेलं आयुष्य नियम नीट पाळले जावेत यासाठी दिलं. या दोन गोष्टींचा संबंध होता की नाही हे मला सांगता येणार नाही, पण मला तो जोडल्याशिवाय राहवत नाही.

हिशेबनीस :

मारवा, ही माहिती मला नव्हती. मनापासून आभार. अबोली_ यांच्या प्रश्नावर : दोन दिवस विचार केला. नियम काढून टाकावा असं अजूनही वाटत नाही. पण कार्डावर बेरीज बरोबर लिहिलेली असताना ती विचारात घ्यायची सोय असती, तर तिनं कुणाचंच नुकसान झालं नसतं, हे मान्य करतो.

अबोली_ :

हेच तर म्हणत होते मी. 🙂

शुक्रतारा :

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, काही दोनदा वाचले. एक गोष्ट राहिली होती ती लिहिते.

जॅकी पंग हवाईची. १९५२ मध्ये ती अमेरिकेची हौशी विजेती झाली होती, मग व्यावसायिक. हवाई तेव्हा अमेरिकेचं राज्यही नव्हतं. ते झालं १९५९ मध्ये. विंग्ड फूटच्या त्या दुपारनंतर हवाईच्या मुलीचं नाव या करंडकावर यायला २०१४ उजाडलं. पाइनहर्स्टवर होनोलुलूची मिशेल वी जिंकली. ल्यूसी ली अकरा वर्षांची असताना खेळली ती हीच स्पर्धा. पंग तेव्हा हयात होत्या, नव्वदी ओलांडलेल्या. २०१७ मध्ये, ९५ वर्षांच्या असताना त्या गेल्या.

मग २०२३. ही स्पर्धा पहिल्यांदाच पेबल बीचवर झाली. समुद्राच्या कड्यावरचा हा कोर्स, पुरुषांची यूएस ओपन तिथे १९७२ पासून कितीतरी वेळा झालेली, बायकांना मात्र इतकी वर्षं वाट पाहावी लागली. मिशेल वी वेस्टनं तिथे आपली शेवटची स्पर्धा खेळली आणि दुसऱ्या फेरीनंतर निरोप घेतला. आणि रविवारी जिंकली ॲलिसन कॉर्पुझ, तीही हवाईचीच, वीच्याच पुनाहोउ शाळेत शिकलेली. दहा वर्षांची असताना तिनं सार्वजनिक कोर्सवरच्या खेळाडूंच्या राष्ट्रीय हौशी स्पर्धेला पात्र ठरून सगळ्यात लहान वयाचा वीचा विक्रम मोडला होता. एलपीजीएवरचं तिचं हे पहिलंच विजेतेपद. नऊ अंडर पार (कोर्सच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा नऊ कमी), दुसऱ्या क्रमांकापेक्षा तीन फटके पुढे.

शेवटच्या पटनंतर कॉर्पुझ स्कोअर द्यायला आत गेली असेल तेव्हा तिच्यापुढेही तेच अठरा आकडे आणि सहीची जागा असणार. ती काय पाहत बसली असेल कोण जाणे. मी तिच्या जागी असते तर बोट ठेवून पहिल्यांदा चौथा होल पाहिला असता.

खडीसाखर :

हा धागा जपून ठेवतेय. पेबल बीचचं वाचून पुढच्या वेळी सगळे चारही दिवस बघायचं ठरवलं.

हिशेबनीस :

रानवारा, तुमचा १९९८ चा प्रतिसाद फार आवडला. एकच दुरुस्ती : होल ९१ नव्हेत. स्पर्धेचे ७२, सोमवारचे १८ आणि सडन डेथचे २.

रानवारा :

बरोबर, ९२. मोजताना सडन डेथचा एकच होल धरला मी. वरचा प्रतिसाद आता संपादित करता येत नाहीये, म्हणून इथे लिहून ठेवतो : ७२ + १८ + २ = ९२.